भरलेला चेहरा

त्या वर्षी माळावर गवत उगवलंच नाही. जे उगवलं ते बोटभर वाढलं, पिवळं पडलं आणि मातीला चिकटून बसलं. शेळ्या दिवसभर त्यावर तोंड घाशीत हिंडायच्या आणि संध्याकाळी आत गेलेल्या पोटांनी परत यायच्या. आमच्या घराला शेत नव्हतं. गाई, शेळ्या आणि दाराशी फिरणाऱ्या कोंबड्या, एवढाच संसार. दूध केंद्रावर घालायचं आणि केंद्रानं त्याच्या बदल्यात जनावरांना पेंड द्यायची, अशी बोली होती. दूध कमी गेलं की पेंड कमी मिळायची आणि पेंड कमी झाली की दूध आणखी आटायचं. हा फेरा कुठं तोडायचा ते कुणालाच कळत नव्हतं, म्हणून घरात प्रत्येकाचा दुसऱ्याच्या हातावर डोळा होता.

सगळ्यांत तीक्ष्ण डोळा सासूबाईंचा. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते, तेव्हापासून घर त्यांनीच ओढलं. बुटक्या, काटक, आणि हात असे की डोळे मिटून कुठली शेळी कुठली ते सांगतील. टंचाईच्या दिवसांत त्या रोज सकाळी प्रत्येक शेळीच्या जबड्याखाली बोटं घालून बघत. तिथं मऊ, थुलथुलीत लागलं की म्हणत, "हिच्या अंगात पाणी उतरलं." असं जनावर वरून गुबगुबीत दिसतं, पण पोटात अन्न नसतं आणि रक्ताचं पाणी व्हायला लागलेलं असतं. एकदा एक शेळ्या विकणारा अशीच एक घेऊन दारात आला. "बघा आजी, काय भरलीय!" म्हणाला. सासूबाईंनी बोटं लावली आणि म्हणाल्या, "भरलीय खरी. विहिरीतलं पाणी कुठं गेलं म्हणत होते, ते इथं आहे होय? ने परत."

मी त्या घरची थोरली सून. माझी पोरं शाळेसाठी माझ्या आईकडे होती. माझे यजमान सायकलीला किटल्या बांधून दूध केंद्रावर पोचवत, आणि धाकटे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, त्याच केंद्रावर कॅन धुवायला होते. भाऊजींचं लग्न आदल्या वर्षी झालेलं. धाकटी सडपातळ, हसरी. हसली की अंगणातल्या कोंबड्या फडफडून लांब जायच्या, इतका मोठा आवाज. सासूबाई म्हणायच्या, "जरा हळू हस गं बाई, अंडी फुटतील आतल्या आत." त्यावर ती आणखीच हसायची.

आमच्याकडे पुरुष आधी जेवत, मग सासूबाई, मग मी, मग धाकटी. हा काही कुणी घालून दिलेला नियम नव्हता. कुणी घालून दिला असता तर मोडता तरी आला असता. डाळीचं भांडं माझ्या हाती येईतो वरचं पाणी आणि खालचा गाळ एवढंच उरलेलं असायचं. मी दोन्ही पोरांच्या वेळी तशीच जेवले. कुणी उपाशी ठेवत नव्हतं. फक्त भांडं माझ्यापर्यंत यायला वेळ लागायचा आणि धाकटीपर्यंत यायला त्याहून जास्त.

धाकटीला दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी तिला रोज पेलाभर दूध आणि कोंबड्यांनी घातलं तर एक अंडं लावून दिलं होतं. तेवढं मलाही मिळालं होतं. ते मिळत राहिलं असतं तर ही गोष्ट झालीच नसती.

मग गावात ती गाडी आली. गाडीवर भोंगा, भोंग्यात बाईचा गोड आवाज, आणि बाजूला एवढं मोठं चित्र: एक गोरीगोमटी आई हातात पेला घेऊन हसतेय आणि मांडीवर लाडवासारखं बाळ. केंद्राच्या अंगणात गाडी थांबली. आतून एक इस्त्रीच्या कपड्यांतली बाई उतरली. तिला आम्ही नंतर डबेवालीच म्हणायचो. तिच्या हातात निळा डबा.

"ताई, आया, आज्या, सगळ्या पुढं या," ती म्हणाली. "घरच्या खाण्यात जे नसतं ते सगळं ह्या डब्यात आहे."

सासूबाई मागं उभ्या होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "घरच्या खाण्यात काय नसतं?"

"सत्त्व, आजी."

"आणि तुमच्याकडे ते कुठून येतं?"

"कंपनीतून."

बायका खदखदून हसल्या. डबेवालीही हसली, तिला सवय असावी. मग तिनं डबा उघडून सगळ्यांच्या तळहातावर चिमूट चिमूट पावडर दिली. सासूबाईंनी चाटली, जीभ टाळूला लावली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पीठ आणि साखर. दुधाचा नुसता वास लावलाय."

पण चारच दिवसांनी भाऊजींनी तो डबा घरी आणला. केंद्रावर काम करणाऱ्यांना तो आधी मिळे. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून असा आत आणला की जणू आत दिवा आहे आणि वारा लागेल. धाकटीसमोर ठेवला. ती लाजली. नवऱ्यानं तिच्या एकटीसाठी म्हणून आणलेली ती पहिलीच वस्तू. तिनं पदरानं डबा पुसला.

"दुधात घालायची का?" मी विचारलं.

"दुधात कशाला? गरम पाण्यातही चालते. डब्यावरच लिहिलंय," भाऊजी म्हणाले.

माझ्या यजमानांनी मान वर करून आईकडे बघितलं. त्या घरात शब्द फार लागत नसत. दुसऱ्या दिवशी धाकटी पेला घेऊन गोठ्याशी गेली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता तुला डबा आहे ना?" आणि दूध किटलीत ओतलं. अंडं बाजारच्या टोपलीत गेलं. कुणी काही वाईट केलं असं कुणालाच वाटलं नाही. उलट सगळ्यांना हलकं वाटलं, की चला, तिची सोय झाली.

हळूहळू जेवणाचंही तसंच झालं. भांडं तिच्यापर्यंत पोचायचं तेव्हा भाऊजी बाहेरून विचारायचे, "पावडर घेतली का?" ती हो म्हणायची. मग तळाशी काय आहे ते कुणी बघायचं नाही. डबा पुरवून पुरवून वापरायचा म्हणून ती चमच्याच्या टोकावर पावडर घ्यायची, आणि पेल्यात जे व्हायचं ते पाण्याहून थोडंसंच पांढरं.

पोट वाढत गेलं. आणि मग तिचा चेहरा भरायला लागला.

आधी गाल भरले, मग डोळ्यांखालचा भाग, मग हनुवटी. हातांचे मनगटाजवळचे चर बुजले. नळावर बायका म्हणू लागल्या, "डबा लागू पडला हं तुमच्या सुनेला." भाऊजींची मान ताठ झाली. कॅन धुता धुता ते लोकांना सांगत, "आमच्या घरी येऊन बघा."

सासूबाईंना मात्र ते पटेना. पीठ आणि साखर, तीही चिमूटभर. त्यानं कुणी एवढं भरतं? त्यांच्या मनात एकच आलं, जे त्या घरात कुणाच्याही मनात आलं असतं: ही चोरून खाते.

तेव्हापासून पिठाच्या डेऱ्यात त्या वरच्या पिठावर तळहात दाबून ठसा उमटवून ठेवू लागल्या. कुणी हात घातला तर ठसा मोडणार. मी रोज सकाळी तो ठसा बघायचे आणि पीठ घ्यायला त्यांनाच बोलावायचे, म्हणजे नंतर बोल माझ्यावर नको. ठसा कधी मोडला नाही. रेषासुद्धा दिसायच्या त्यात. तशा त्या आणखी संशयी झाल्या. एकदा मला म्हणाल्या, "तू देतेस का तिला तुझ्यातलं?"

"माझ्यात काय असतं आई, द्यायला?"

"तेही खरंच," म्हणाल्या आणि निघून गेल्या. पण जाताना मागं वळून माझ्या अंगाकडे बघितलं, मी वाळले की नाही ते.

माझ्याही मनात होतंच. खोटं कशाला? शेजारच्या घरी तिची मैत्रीण होती. तिथं बसून खात असेल असं वाटे. ती लाकूडफाट्याला गेली की उशीर करी, तेव्हा मी तिच्या ओठांकडे बघे, तेल लागलंय का. ओठ कोरडेच असायचे. चालताना ती धापा टाकायची, दोन घागरी भरल्या की भिंतीला टेकायची. आम्ही म्हणायचो, अंगाचं ओझं झालंय.

मग गाडी पुन्हा आली. ह्या वेळी डबेवालीबरोबर एक फोटोवाला होता. आपल्याच गावांतली, आपल्यासारखीच एक आई त्यांना जाहिरातीच्या बोर्डावर हवी होती. केंद्राच्या अंगणात बायकांची रांग केली. फोटोवाला रांगेच्या कडेनं चालत गेला, एकेकीकडे बघत, आमच्या बाजारात जनावरं बघतात तसा. धाकटीपाशी थांबला.

"ही," म्हणाला. "हिचा चेहरा बघा. अशीच हवी."

भाऊजी कॅन टाकून धावत आले. हात ओले, गुडघे ओले. "माझीच मिसेस," म्हणाले.

तिला नवे कपडे घातले, केस विंचरले, ओठांना लाली लावली. डबेवालीनं पिशवीतून नाजूक चपला काढल्या. त्या धाकटीच्या पायात जाईनात. डबेवालीनं बसून जोर लावला, पट्टे ताणले, तरी टाचा बाहेरच.

"अहो, एवढे जाड पाय?" ती हसून म्हणाली. "बाकी तुम्ही तर बारीक हाडाच्या वाटता."

"असू दे," फोटोवाला म्हणाला. "पाय येणार नाहीत फोटोत."

चपला काढल्या. पट्ट्यांच्या खुणा पायांवर तशाच राहिल्या, खोल, दोरीनं बांधल्यासारख्या. मी त्या बघत राहिले. धाकटीनं घाईनं पाय झाकले.

तिच्या हातात काचेचा पेला दिला. काठोकाठ भरलेला, दाट, शुभ्र, वर फेस. तिच्या बोटांवर त्याचा एक ओघळ आला. मला आठवतं, तिनं आवंढा गिळला होता. "ओठाला नुसता टेकवा. हसा. आणखी हसा," फोटोवाला सांगत होता. ती हसली, पण तिचं ते कोंबड्या पळवणारं हसू नव्हे. तो पुन्हा पुन्हा कॅमेरा कटकट वाजवत होता आणि ऊन तिच्या डोळ्यांत येत होतं. शेवटी तो म्हणाला, "झालं."

धाकटीनं पेला खाली केला नाही. तिनं डबेवालीला हळूच विचारलं, "आता पिऊ?"

"अगं बाई, नको नको!" डबेवालीनं पेला हिसकूनच घेतला. "ते दूध नाही. चुना आणि गोंद कालवलाय. दूध फोटोत पातळ दिसतं."

आजूबाजूच्या बायका हसल्या. भाऊजीही हसले. धाकटी लाल ओठांनी नुसती उभी राहिली. मग ओठ पुसले आणि मला म्हणाली, "चला जाऊबाई, शेळ्या यायची वेळ झाली." वाटेत मीच बोलत होते, आणि काय बोलत होते ते मला आठवत नाही.

त्यानंतरची ती सकाळ. मी गाईखाली धार काढत बसले होते. सासूबाई शेळ्यांत होत्या, एकेकीच्या जबड्याखाली हात घालत. धाकटी पलीकडे वाकून शेण गोळा करत होती. उजेड तिच्या तोंडावर पडला होता. सासूबाई थांबल्या. मला वाटलं, साप बघितला की काय.

"तोंडात काय आहे?"

धाकटी सरळ झाली. "कुठं काय?"

"गाल बघ तुझे. तोंड उघड."

"काही नाहीये, आई."

"उघड म्हणते ना!"

सासूबाई शेळ्यांतून वाट काढत गेल्या आणि तिचा जबडा धरला. शेळीला औषध पाजताना धरतात तसा, अंगठा एका गालावर आणि बोटं खालून. धाकटीनं तोंड उघडलं. मी किटली ठेवून उठले. तोंडात काही नव्हतं. जीभ फिकट, हिरड्या पांढऱ्याफटक.

सासूबाईंनी जबडा सोडला नाही. त्यांची बोटं खालच्या बाजूला हळूहळू हलली. एकदा. पुन्हा एकदा. शेळ्या त्यांच्या पायाशी ढुशा देत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. मग त्या खाली बसल्या, सुनेच्या पायाशी बसल्या, आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला. खड्डा तसाच राहिला, ओल्या मातीत राहतो तसा.

"काय झालं, आई?" धाकटी घाबरून विचारत होती. "मी खरंच काही खाल्लं नाही."

"हो," सासूबाई म्हणाल्या. "कळलं."

उठताना त्यांनी तिच्याच हाताचा आधार घेतला. मला म्हणाल्या, "ह्या गाईचं दूध किटलीत ओतू नकोस."

त्याच दिवशी आम्ही तिला चालवत दवाखान्यात नेलं. चालवत म्हणजे झाडाझाडाला बसवत. दवाखान्यात भिंतीवर निळ्या डब्याचं कॅलेंडर होतं. तिथल्या बाईनं धाकटीच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, रक्तदाब बघितला, पाय दाबले.

"अंगात पाणी धरलंय. रक्त नाही. जेवण नीट जात नाही का हिच्या पोटात? दूध, अंडी, डाळ, हिरवा पाला, हे रोज हवं. नाहीतर बाळंतपणात निभावणार नाही, ना हिचं ना बाळाचं." तिनं गोळ्या दिल्या, दर आठवड्याला आणून दाखवा म्हणाली. मग टेबलाखालच्या खोक्यात हात घालून एक छोटा निळा डबा काढला. "आणि हे सँपल आलंय. घेऊन जा."

सासूबाईंनी डबा घेतला. बाहेर आल्यावर कडेच्या भिंतीवर ठेवून दिला आणि पुढं चालू लागल्या. "एका तोंडानं अन्न घाल म्हणते आणि त्याच हातानं डबा देते," म्हणाल्या. "खरं काय धरायचं माणसानं?"

त्या संध्याकाळी घरात मोठा वाद झाला. एका गाईचं दूध केंद्राला जाणार नाही हे ऐकून माझे यजमान ताटावरून उठले.

"पेंड तोडतील, आई. मग चारही गाई आटतील. तेव्हा हिला काय पाजणार?"

"तेव्हाचं तेव्हा."

"तब्येत बघा तिची! अख्ख्या गावात हिच्याएवढी भरलेली कुणी आहे का?" भाऊजी म्हणाले. "उद्या बोर्डावर लागेल ती."

"शेळी घेताना अशी घेशील का तू?" सासूबाईंनी विचारलं.

"शेळीचं काय काढलं मधेच?"

"घेशील का, ते सांग."

भाऊजींनी ताट पुढं ओढलं. शेळ्यांत वाढलेलेच ते. पण कळूनही कळून न घेण्याची माणसाची ताकद मोठी असते. सासूबाई मग हलक्या आवाजात, पण मला ऐकू येईल अशा म्हणाल्या, "आत माझा नातू आहे." ते वाक्य मला टोचून राहिलं. सुनेचं नाव त्यात नव्हतं.

दूध, अंडं, घट्ट डाळ, शेवग्याचा पाला. धाकटी आमच्याआधी जेवू लागली. चुलीपाशी, पुरुषांकडे पाठ करून, घाईघाईत, जशी काही आता ती खरंच चोरून खातेय. सासूबाई समोर बसून प्रत्येक घासाकडे बघत. प्रेमानं की हिशोबानं, मला कधी ठरवता आलं नाही. पेंड खरोखरच कमी झाली. माझे यजमान सायकल आपटून लावायला लागले.

आणि धाकटीची सूज उतरू लागली. आधी डोळे मोकळे झाले, मग गालांची हाडं वर आली, मग पायाचे घोटे. जिभेला रंग आला. ती पुन्हा हसायला लागली. पण बघणाऱ्याला काय दिसलं? भरलेली बाई वाळली.

नेमका तेव्हाच केंद्रावर बोर्ड लागला. दोन माणसं उंच, रंगीत. वर धाकटीचा चेहरा, पुरणपोळीसारखा गच्च भरलेला, ओठांना चुना, आणि खाली मोठ्या अक्षरांत: "माझं तेज, माझ्या बाळाची ताकद." लोक बोर्ड बघायचे आणि मग तिला बघायचे. नळावर मी स्वतः ऐकलं: "डबा सोडला म्हणून उतरली." "सासू देत नसेल खायला." "थोरलीला बघवलं नसेल हो." मी घागर भरून निघाले. काय सांगणार? भरली होती तेव्हा उपाशी होती, आणि आता वाळलीय ती जेवतेय म्हणून, हे कुणाला खरं वाटलं असतं?

भाऊजींना केंद्रावर सगळे डिवचायचे. एक दिवस ते नवा डबा घेऊन आले आणि त्यांनी तो आईसमोर आदळला. "बोर्डावर काय दिसते आणि घरात काय! माझ्या बायकोचं काय करून ठेवलंत तुम्ही?"

सासूबाईंनी डबा उघडला, चालत गोठ्यात गेल्या आणि सगळी पावडर गाईच्या पुढ्यात ओतली. गाईनं चाटूनपुसून खाल्ली.

"हिला आवडली," त्या म्हणाल्या. "हिला वर चाराही आहे."

धाकटी दारात उभी होती. तिला हसू आवरेना. नवऱ्याचा चेहरा बघून तिनं तोंडावर हात ठेवला, तरी हसू बोटांतून बाहेर आलंच, आणि कोंबड्या फडफडल्या.

ती सुखरूप बाळंत झाली. त्रास झाला, रक्त गेलं, पण दवाखान्यातली बाई म्हणाली की आधीसारखी असती तर हाती लागली नसती. बाळही चांगलं खणखणीत रडलं. मुलगी.

सासूबाईंनी नात मांडीवर घेतली. तिच्या जबड्याखाली एक बोट फिरवलं, आणि परत दिली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. नातू म्हणाल्या होत्या त्या.

घरी आल्यानंतरच्या पहिल्या जेवणाची गोष्ट. त्या दिवशी दिवे लागायच्या आतच सगळे एकत्र जेवायला बसलो होतो. दोघे भाऊ भिंतीशी, सासूबाई चुलीजवळ, धाकटी कोपऱ्यात पोरीला मांडीवर घेऊन. मी वाढत होते. दाराशी धारेची किटली झाकून ठेवली होती.

माझे यजमान जेवता जेवता म्हणाले, "आता ती मोकळी झाली. उद्यापासून सगळं दूध केंद्रावर जाऊ दे. पेंड तरी सुरू होईल."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या चुलीतलं लाकूड मागं ओढत होत्या. भाऊजी ताटात बघत होते. मला वाटलं, झालं. मुलगी झाली, आणि पेला गेला. माझा हातही त्या घरचाच होता. धाकटीचं ताट वाढताना डाव जुन्या सवयीनं अर्धाच भरला.

धाकटी जेवली. सावकाश. ताट बोटानं निपटलं. मग मान वर करून म्हणाली, "अजून वाढा."

त्या घरात मी कितीतरी वर्षं जेवले. सुनेनं हे दोन शब्द मोठ्यानं म्हटलेले मी कधी ऐकले नव्हते. मीही कधी म्हटले नव्हते. माझे यजमान चावायचे थांबले.

"काय म्हणालीस?" भाऊजींनी विचारलं.

"अजून वाढा म्हटलं. पोट भरलं नाही." आवाज वर नव्हता, खालीही नव्हता. "हिला पाजायचंय मला."

भाऊजींनी वाकून भांड्यात बघितलं, आपल्यासाठी काय उरेल ते. तिनं त्यांचं बघणं बघितलं आणि ताट माझ्यापुढं धरलं. मी डाव तळापर्यंत घातला आणि घट्ट डाळ वर काढली, पुन्हा घातला, पुन्हा काढली. भांडं खरवडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. सासूबाई अजून लाकडाशीच होत्या. त्या काय म्हणणार होत्या ते मला आजही सांगता येत नाही, कारण त्यांनी तोंड उघडलंच नाही.

माझे यजमान हात धुऊन उठले आणि किटली उचलायला दाराशी गेले. धाकटीनं शेजारचा पेला घेतला, पोरीला खांद्यावर सावरलं आणि उठून त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली, "ह्यात ओता."

त्यांनी आईकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी भांडं हातात घेऊन तशीच उभी होते, बाजूला झाले नाही. शेवटी त्यांनी झाकण काढलं आणि किटली तिरकी केली. अर्ध्यावर त्यांचा हात थांबला.

तिनं पेला मागं घेतला नाही. काठोकाठ भरेपर्यंत तो तसाच धरून ठेवला.